थायरॉइडची गोळी चालू असताना दिवस राहिले : डोस, तपासण्या, चहा आणि बाकीचं

कोरांटी :
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

वय ३१, मुलुंडला राहते, नोकरी बीकेसीत. तीनेक वर्षांपासून हायपोथायरॉइड आहे, म्हणजे ग्रंथी कमी काम करते, रोज सकाळी ५० मायक्रोग्रॅमची गोळी. मार्चमध्ये टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, ती कमी पडली की हा आकडा वाढतो) ३.१ होता, फिजिशियन म्हणाले उत्तम, सहा महिन्यांनी या. परवा घरी टेस्ट केली आणि दोन रेघा आल्या. तारखेवरून पाचवा आठवडा असावा. घरी अजून कोणाला सांगितलं नाहीये, म्हणून इथे विचारतेय.

गायनॅककडे पुढच्या शनिवारची वेळ मिळाली आहे. "आत्ता सोनोग्राफीत काही दिसणार नाही, घाई कशाला," असं रिसेप्शनवरून ऐकवलं गेलं. तोवर गोळी आहे तीच चालू ठेवायची का? माझ्या जावेच्या वेळी डोस सारखा वाढवत नेला होता, म्हणजे तिचा आजार वाढत गेला होता का? आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे सकाळी गोळी घेतली की दहा मिनिटांत मळमळ सुरू. चहा आणि मारी बिस्किट पोटात गेल्याशिवाय उभं राहवत नाही, आणि चहा गोळीनंतर तासभर घ्यायचा नाही. मधला तास काढायचा कसा?

आनंदी_गिरगाव :
अगं अभिनंदन!! शनिवारची वाट बघू नकोस. उद्या सकाळी रक्त दे आणि थायरॉइडच्या डॉक्टरांना आज रात्रीच मेसेज टाक की टेस्ट पॉझिटिव्ह आली. माझी दोन्ही बाळंतपणं गोळीवर झाली. दोन्ही पोरी धडधाकट आहेत, त्यातली एक आत्ता शेजारी बसून अभ्यास न करण्याची कारणं सांगतेय. सविस्तर उद्या लिहिते.

नस्ती_उठाठेव :
हाबिनंदन! रुमाल टाकून ठेवतो. बायकोचीही गोळी चालू आहे, आणि आमचाही विचार चाललाय.

स्टेथोवाली :
कोरांटी, अभिनंदन. मी उपनगरात स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करते. नेटवरून कोणाचा डोस ठरवत नाही, पण पद्धत काय असते ते सांगते, म्हणजे उद्या डॉक्टरांशी बोलताना मुद्दा हातात राहील.

सुरुवातीचे तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी कामाला लागलेली नसते. बाराव्या आठवड्याच्या आसपास ती हार्मोन बनवायला लागते आणि नीट चालायला अठरा-वीस आठवडे उजाडतात. तोवर मेंदूच्या वाढीला लागणारं टी४, म्हणजे थायरॉइडचं मुख्य हार्मोन, सगळं आईकडून जातं. शिवाय गर्भारपणात इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे रक्तात टी४ ला धरून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि मोकळं टी४ कमी पडायला लागतं. जिची ग्रंथी ठणठणीत आहे तिच्यात ती आपोआप जास्त काम करते. तुमची तेवढं करू शकत नाही, म्हणून वरचा वाटा गोळीतून द्यायचा. आणि ही गरज चौथ्या ते सहाव्या आठवड्यातच वाढायला लागते. तेव्हा बहुतेकींची गायनॅककडे पहिली खेपही झालेली नसते, खरी गोम इथे आहे.

अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१७ च्या सूचनांप्रमाणे आधीपासून गोळी घेणारीने टेस्ट पॉझिटिव्ह येताच डोस २० ते ३० टक्के वाढवावा आणि लगोलग डॉक्टरांना कळवावं. त्याची सोपी रीत म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या : दोन दिवस दोन-दोन, बाकी दिवस एक. बरेच डॉक्टर हे दिवस राहायच्या आधीच सांगून ठेवतात. तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही, तर उद्या फोनवर सरळ विचारा की आजपासून वाढवू का. हृदयाचा काही त्रास असेल तर मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काहीच बदलायचं नाही.

गोळी चालू असलेल्या गर्भवतीत टीएसएच २.५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. विसाव्या आठवड्यापर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी तपासणी, मग तिसाव्याच्या सुमारास निदान एकदा. जाऊबाईंचा डोस वाढला तो बहुधा गर्भारपणामुळे, आजार बळावला म्हणून नव्हे.

मळमळीचं : गोळी रात्री घेतली तरी चालते. जेवणानंतर तीनेक तास जाऊ द्या आणि मधे दूधही नको. वेळ बदलायची तर डॉक्टरांना सांगून बदला, रोज तीच पाळा.

रक्तपिपासू :
नाव बघून घाबरू नका, दादरला लॅबमध्ये कामाला आहे, दिवसभर हेच करतो.

रक्त द्यायला जाताना गोळी आधी घेऊ नका, पिशवीत ठेवा, रक्त दिल्यावर घ्या. टीएसएचला तसा फरक पडत नाही, पण सोबत फ्री टी४ असेल तर गोळीनंतरच्या दोन-तीन तासांत आकडा फुगलेला येतो. उपाशी असायची गरज नाही. मळमळणाऱ्या बायका रिकाम्या पोटी रांगेत उभ्या राहतात आणि खुर्चीत बसल्या की भोवळ येते, रोजचं दृश्य आहे. बिस्किट खाऊन या.

दर वेळी एकाच लॅबमध्ये आणि साधारण त्याच वेळी द्या. टीएसएच रात्री-पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. एकदा सकाळी सातला, एकदा दुपारी चारला दिलंत तर डोस न बदलताही आकडा हललेला दिसेल.

आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. बऱ्याच मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी येतो. दोन-तीन दिवस बंद ठेवून मग रक्त द्यावं.

एक कळीचं. रिपोर्टवर छापलेली रेंज आम जनतेची असते, गर्भारपणाची खाली बारीक टायपात. आकडा ठळक छापून आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून रिपोर्ट फाइलला लावून मोकळ्या होऊ नका.

कोरांटी :
सगळ्यांचे खूप आभार. फिजिशियनना मेसेज केला, त्यांनी लगेच फोन केला. आठवड्याला नऊ गोळ्यांचंच त्यांनीही सांगितलं आणि रक्त द्यायला सांगितलं. लॅबवाले घरी येऊन घेऊन जाणार होते.

केसांच्या गोळ्या घेत होते! आठवलंच नसतं. थांबवल्या आणि रक्त दोन दिवस पुढे ढकललं.

पार्ल्याचा_बंड्या :
अभिनंदन वगैरे ठीक, पण कोणीतरी दुसरी बाजूही मांडायला हवी. हल्ली दिवस राहिलेल्या दर दुसऱ्या बाईला थायरॉइड निघतो. आमच्या आयांना, आज्यांना कुठे होता? मुळात कटऑफच हलतोय. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०११ च्या सूचनांत पहिल्या तिमाहीची वरची मर्यादा २.५. २०१७ ला तीच संस्था म्हणते ४ पर्यंत चालेल. मधल्या वर्षांत ज्यांना गोळ्या लागल्या त्यांचं काय? २०१२ आणि २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या, त्यांत सौम्य थायरॉइडला गोळी देऊन मुलांच्या बुद्ध्यांकात काही फरक पडला नाही. वाचा आणि मग घाबरवा.

नस्ती_उठाठेव :
आला बाबा. धागा आता शंभरी गाठणार.

आनंदी_गिरगाव :
बंड्या, तुमच्या आजीला होता की नव्हता ते कळायला आधी कोणी तपासायला तर हवं होतं.

स्टेथोवाली :
बंड्या, आकडे बरोबर आहेत, पण ते ज्यांच्याबद्दल आहेत त्या बायका वेगळ्या. त्या दोन्ही चाचण्यांतल्या बायकांना आधी कसलंही निदान नव्हतं. गर्भारपणातल्या सरसकट तपासणीत आकडा थोडा वरखाली निघाला म्हणून त्यांना घेतलं होतं, आणि गोळी सुरू होईपर्यंत बहुतेकींचा तिसरा महिना उलटला होता. कोरांटीला आधीपासून आजार आहे, तिची ग्रंथीच कमी काम करते. तिने गोळी तशीच ठेवली किंवा मधे सोडली तर गर्भपात, रक्तदाब, वेळेआधी प्रसूती, कमी वजनाचं बाळ, सगळ्याची जोखीम वाढते. याच जर्नलमध्ये १९९९ साली आलेल्या अभ्यासात, ज्या आयांवर गर्भारपणात उपचारच झाले नव्हते त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी सातने कमी भरला होता.

काठावरच्या आकड्यांबाबत मात्र तुमची तक्रार मला मान्य आहे. २.६ आला म्हणून रडत आलेल्या मुली मी बघते. त्यांना आधी खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागतं, गोळीचं नंतर.

पार्ल्याचा_बंड्या :
काठावरच्यांचं मान्य केलंत, तेवढं पुरे. आधीच्या रुग्णांबद्दल माझं काही म्हणणं नाही.

निसर्गोपासक :
गोळ्या हळूहळू बंद करून कांचनार गुग्गुळ आणि रोज पहाटे धण्याचं पाणी सुरू करा. मुळातून जातो.

अलका_काकू :
निसर्गोपासक, तुम्ही वैद्य आहात का? माझे वडील होते. दिवस गेलेल्या बाईला गुग्गुळ देताना ते दहादा विचार करायचे, आणि तुम्ही न बघता, नाडी न धरता, इथे सांगून मोकळे. धण्याचं पाणी प्यायचं तर पी बाई, तहान भागेल. गोळी सोडू नकोस.

कोरांटी :
रिपोर्ट आला : टीएसएच ५.८. मार्चमध्ये ३.१ आणि आता हे! रेंजमध्ये वरची मर्यादा ४.२ छापली आहे. डॉक्टरांनी रोज ७५ केली, चार आठवड्यांनी परत तपासणी. म्हणाले, पळापळ करण्यासारखं नाही, लवकर सापडलंय. तरी रात्री झोप नाही लागली. एवढे दिवस बाळाला कमी पडलं असेल का?

मोगरा_१२ :
कोरांटी, मी पण त्याच विचारात अडकले आहे. माझा मागच्या वर्षी आठव्या आठवड्यात गर्भपात झाला. तेव्हा टीएसएच ४.८ होता. सासरी सगळे म्हणतात, वेळेवर गोळी घेतली असतीस तर झालं नसतं. आता परत प्रयत्न करायची भीती वाटते.

स्टेथोवाली :
मोगरा, आधी तुमच्याशी बोलते. सुरुवातीच्या गर्भपातांमध्ये गुणसूत्रांतला दोष हे सगळ्यात मोठं कारण असतं आणि त्यावर आईचं काहीच चालत नाही. ४.८ वर बोट ठेवून 'यामुळेच झालं' असं कोणीही डॉक्टर सांगू शकणार नाही. सासूबाईंनाही सांगू देऊ नका. पुढच्या वेळेसाठी एवढं करता येईल : प्रयत्न सुरू करण्याआधी टीएसएच आणि अँटी टीपीओ (शरीर स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडं बनवतंय का, याची तपासणी) करून घ्या. गोळी लागलीच तर टीएसएच २.५ च्या आत आणून मग प्रयत्न सुरू करा. अँटी टीपीओ पॉझिटिव्ह आलं आणि टीएसएच नॉर्मल असेल तर मात्र नुसत्या त्यासाठी गोळी घेऊन फायदा होतो असं दिसलेलं नाही. २०१९ साली ब्रिटनमधली मोठी चाचणी याच प्रश्नावर झाली, गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायकांत फरक निघाला नाही.

कोरांटी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात सापडून डोस वाढला, याहून लवकर फारच थोड्या बायकांचं सापडतं. ५.८ हा आकडा दवाखान्यात बघून कोणी दचकत नाही. एक लक्षात ठेवा, गोळी आजपासून वाढवली तरी टीएसएच लगेच उतरत नाही, त्याला आठवडे लागतात. पुढच्या आठवड्यात 'बघू तरी' म्हणून परत रक्त देऊ नका.

आनंदी_गिरगाव :
मी रात्रीचा प्रकार सांगते, कारण पहिल्या वेळी मलाही सकाळचं जमेना. आठला जेवण, अकराला भांडी-ओटा आवरून झाला की दात घासायचे. टूथपेस्टच्या शेजारी बाटली ठेवायचे नाही, बाथरूममध्ये ओल असते. ती कपाटात, पण ब्रश हातात घेतला की नवरा कपाट उघडायचा असं ठरलेलं. त्याच्यावर काम सोपवलं की विसरत नाहीत, त्यांना जबाबदारीचं भारी कौतुक! रात्री बारानंतर दूध प्यायचं डोहाळं होतं मला, ते तेवढं सोडावं लागलं.

गोळी घेतल्या घेतल्या उलटीत पडली तर काय करायचं, हे तुझ्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव. मला लगेच पडली तर दुसरी घ्यायला सांगितली होती.

आणि लोकलचं. ७:४० च्या लेडीज डब्यात कुर्ल्यापर्यंत लटकत जाऊ नकोस. दिव्यांगांच्या डब्यात गर्भवतींनाही परवानगी आहे. पोट दिसत नसलं तरी फाइल जवळ ठेव, कोणी हटकलं तर दाखव. हटकतातच.

मेडिकलवाला_लालबाग :
ओलीचा विषय निघालाच आहे तर. ही गोळी उष्णता, ऊन आणि दमट हवेने खराब होते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर म्हणजे भिंतींना पाणी सुटतं. मूळ बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट. गॅसजवळच्या फळीवर, फ्रीजच्या डोक्यावर नको. महिन्याच्या गोळ्या स्टीलच्या डबीत ओतून ठेवणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत, सांगून दमलो.

ब्रँड मधेच बदलू नका. तीच ताकद असली तरी कंपनी बदलली की टीएसएच थोडा हलू शकतो, आणि गर्भारपणात ती भानगड नको. दुकानदाराने 'ते नाहीये, हे सेम आहे' म्हटलं तर चार दुकानं फिरा. बदललाच तर डॉक्टरांना कळवा. ७५ ची मिळाली नाही तर ५० आणि २५ चालते, पण चिठ्ठीवर लिहून घ्या. परदेशातून कोणी आणून दिली तर आकडा नीट वाचा, तिकडे कधी कधी मिलिग्रॅममध्ये असतो : ०.०५ म्हणजे आपली ५०.

अलका_काकू :
आता खाण्याचं कोणीच बोललं नाही. माझ्या सुनेच्या वेळी मी कोबी, फ्लॉवर, मुळा सगळं बंद केलं होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या सोयाबीनही नको. पण ही पोर ऑफिसच्या डब्यात काय नेणार?

स्टेथोवाली :
काकू, कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्लं तर काही होत नाही. कच्च्या कोबीचे रस रोज पिऊ नयेत, एवढंच. सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून गोळीच्या आसपास नको, दुपारी खाल्लं तर चालेल.

मिठाकडे मात्र लक्ष द्या. गर्भवतीला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, बाळाची ग्रंथी पुढे त्यावरच चालणार असते. हल्ली बऱ्याच घरांत 'नैसर्गिक' म्हणून रोजच्या स्वयंपाकाला सैंधव किंवा गुलाबी मीठ आलंय, त्यात पुरेसं आयोडीन नसतं. आषाढी एकादशीला एक दिवस उपासाचं मीठ खाल्लंत तर हरकत नाही. पूर्ण चातुर्मास नको. रोजचं साधं आयोडीनयुक्त मीठ, झाकणाच्या बरणीत. उलट टोकाला जाऊन समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल कोणी परदेशातून पाठवल्या तर त्या घेऊ नका, त्यांत आयोडीन बेसुमार असू शकतं.

अलका_काकू :
आणि मासे?

स्टेथोवाली :
बांगडा, बोंबील, कोळंबी, नीट शिजवून, खुशाल. मुशी नको, त्यात पारा जास्त.

अलका_काकू :
मुशीचं सुकं हेच तर हिचं डोहाळं असेल बघा.

सई_नवीन :
याच धाग्यात विचारते, वेगळा काढत नाही. मला थायरॉइड कधीच नव्हता. आठवा आठवडा, टीएसएच ३.४, अँटी टीपीओ निगेटिव्ह. एका डॉक्टरांनी २५ ची गोळी सुरू करा म्हटलं, दुसऱ्या म्हणाल्या गरज नाही, परत तपासा. दोघीही नावाजलेल्या आहेत. आता कोणाचं ऐकू?

पार्ल्याचा_बंड्या :
घ्या. मी काय म्हणत होतो?

रक्तपिपासू :
डॉक्टर बोलतीलच, तोवर एक सांगतो. आठव्या ते अकराव्या आठवड्यात टीएसएच आपोआप खाली येतो. गर्भारपणातलं एचसीजी हे हार्मोन टीएसएचचं चुलत भावंड, तेही ग्रंथीला डिवचतं, मग खऱ्या टीएसएचला फार जोर लावावा लागत नाही. म्हणून पहिल्या तिमाहीची रेंज खाली सरकलेली असते. ज्यांना उलट्या फार होतात त्यांचा तर कधी कधी ०.१ पण येतो, आणि त्या हायपर झालं म्हणून घाबरतात. जास्त आला म्हणून आणि कमी आला म्हणून, दोन्हीकडून फोन आम्हालाच.

स्टेथोवाली :
सई, दोघींनाही आधार आहे, म्हणून गोंधळ. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या सूचना पहिल्या तिमाहीत २.५ ची रेघ धरतात आणि त्यावर कमी डोसची गोळी सुचवतात. २०१७ च्या अमेरिकन सूचना म्हणतात, टीपीओ निगेटिव्ह असेल आणि टीएसएच ४ च्या आत असेल तर गोळी नको. टीपीओ पॉझिटिव्ह असतं तर २.५ च्या वर विचार करा म्हणाल्या असत्या. दहाच्या वर गेलं तर कोणाचंच दुमत नाही, गोळी हवीच.

मी स्वतः तुमच्यासारख्या रिपोर्टला चार आठवड्यांनी परत तपासते. पण आधी गर्भपात झालेला असेल, आयव्हीएफ असेल, घरात कडक थायरॉइडचा इतिहास असेल, तर २५ सुरू करणारीला चूक म्हणणार नाही. दोघींपैकी जिच्याकडे बाळंतपण करणार आहात तिचं ऐका. अर्धं हिचं, अर्धं तिचं असं करू नका.

सई_नवीन :
धन्यवाद डॉक्टर. बाळंतपण 'गरज नाही' म्हणणाऱ्या बाईंकडे आहे. ठरलं.

कोरांटी :
बरेच दिवसांनी येतेय. चार आठवड्यांनंतरचा टीएसएच २.१ आला! डोस ७५ च ठेवला आहे. आता तेरावा आठवडा लागला, आणि गायनॅकनी लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियम दोन वेळा लिहून दिलं. त्यांना थायरॉइडची गोळी माहीत आहे, पण चिठ्ठीवर सगळ्यांपुढे 'जेवणानंतर' एवढंच आहे. आधी फोलिक ॲसिडची काही अडचण नव्हती, आता दिवसाचं वेळापत्रकच बसेना. गोळी रात्री अकराला घेते आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. हे चालतं का?

मेडिकलवाला_लालबाग :
नाही चालत. थायरॉइडची गोळी एका बाजूला आणि लोह, कॅल्शियम दुसऱ्या बाजूला, मधे चार तास पाहिजेत. नाहीतर ती पोटातच अडकून बसते, रक्तात जात नाही. ॲसिडिटीचं पातळ औषध, लोह असलेलं मल्टिव्हिटामिन, सगळ्याला तोच नियम. नुसतं फोलिक ॲसिड त्यात येत नाही.

आनंदी_गिरगाव :
दुसऱ्या वेळी मी असं बसवलं होतं : नाश्त्यानंतर ऑफिसला पोचल्यावर पहिलं कॅल्शियम. दुपारी जेवण झालं की तासाभराने लोह, लिंबूपाण्याबरोबर. चहा त्यानंतर निदान तासभर नाही, चहाने लोह शोषलं जात नाही. संध्याकाळी सहाला, ऑफिसातून निघताना पोळीचा रोल किंवा काहीतरी खाऊन, दुसरं कॅल्शियम. म्हणजे रात्री अकरापर्यंत पाच तास मिळतात. लोह आणि कॅल्शियमही एकत्र घ्यायचं नसतं, ते यात आपोआप सुटतं. सुट्टीच्या दिवशी घोटाळा व्हायचा, कारण सकाळचा नाश्ताच बाराला. तेव्हा कॅल्शियमचं काही व्हायचं ते होऊ दे, थायरॉइडची वेळ मी हलवली नाही.

स्टेथोवाली :
उत्तम बसवलंय, मी माझ्या पेशंटना हेच दाखवेन. फक्त, कोरांटी, २.१ वर खूश होऊन तपासण्या थांबवू नका. आता कॅल्शियम-लोह सुरू झालं, म्हणजे चार आठवड्यांनी परत बघायलाच हवं. बायकांचा टीएसएच चौथ्या-पाचव्या महिन्यात चढताना मी बऱ्याचदा पाहिलाय, आणि विचारल्यावर निघतं ते कॅल्शियमच.

नस्ती_उठाठेव :
आमच्याकडे अजून बातमी नाही, पण बायकोचा टीएसएच आधीच तपासून घेतला. ३.९ होता. तिच्या डॉक्टरांनी डोस वाढवला आणि म्हणाले २.५ च्या आत आला की मग बघा. हा धागा नसता तर गेलोच नसतो. प्रश्न : डिलिव्हरी झाल्यावर हा वाढवलेला डोस तसाच चालू राहतो का? आणि अंगावर पाजताना गोळी चालते का?

स्टेथोवाली :
आधीपासून आजार असेल तर बाळंतपणानंतर बहुतेकींना लगेच पूर्वीच्या डोसवर आणतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच बघतात. वाढीव डोस महिनोन्महिने चालू राहिला तर धडधड, घाम, झोप उडणं सुरू होतं आणि सगळे म्हणतात बाळंतिणीला असं होतंच. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी 'थायरॉइडची किती?' हे विचारूनच घरी जायचं. डिस्चार्ज कार्डावर जुना वाढलेला डोस तसाच उतरवलेला मी पाहिलाय. स्तनपान करताना गोळी निर्धास्त घ्यावी. ज्यांचं अँटी टीपीओ पॉझिटिव्ह आहे त्यांना बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइड वरखाली होण्याची शक्यता जास्त असते. फारच थकवा, उदासी असेल तर ती नुसती जागरणावर ढकलू नका, रक्त द्या.

बाळाचीही टाचेतून रक्त घेऊन टीएसएचची तपासणी करून घ्या. आईला थायरॉइड आहे म्हणूनच असं नाही, ती सगळ्याच बाळांची व्हायला हवी. जन्मतः ग्रंथी नसलेलं बाळ दिसायला अगदी व्यवस्थित असतं, पण उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला लागतात.

नस्ती_उठाठेव :
ही टेस्ट जन्मल्या जन्मल्या करायची का?

रक्तपिपासू :
नाही. जन्मानंतर पहिल्या दिवशी सगळ्याच बाळांचा टीएसएच उसळलेला असतो, तेव्हा घेतलं तर नाहक घबराट. ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घेतात. हॉस्पिटल त्याआधी घरी सोडणार असेल तर निघण्यापूर्वी विचारा की रक्त इथे घेणार का आम्ही परत आणायचं, आणि रिपोर्ट कोणाच्या नंबरवर येणार. आमच्याकडे कितीतरी रिपोर्ट आजोळच्या बंद पडलेल्या फोनवर जातात.